विहिरीवरचं बंद इंजिन पुन्हा चालू करताना

आमच्या विहिरीवर दोन इंजिनं होती. एक आम्ही आमच्याच हातांनी संपवलं. दुसरं चौदा वर्षं बंद पडून होतं, ते गेल्या हिवाळ्यापासून पुन्हा अंजिराच्या बागेला पाणी देतंय.

पहिल्याचं काय झालं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून शिकलोय. तीन पावसाळे ते बंद होतं. हँडल थोडं फिरायचं आणि एका जागी टणकन अडायचं. गंजलं असेल असं समजून आम्ही फ्लायव्हीलला पट्टा घातला, दुसरं टोक ट्रॅक्टरला लावलं आणि हिसका दिला. एकदाच 'खाट्' असा आवाज आला. उघडलं तेव्हा कनेक्टिंग रॉड वाकलेला आणि ब्लॉकला बोटभर चीर. सायलेन्सरच्या उभ्या पाइपवर झाकण नव्हतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेल्या जागी इंजिन थांबलं होतं, त्यामुळे पावसाचं पाणी थेट सिलेंडरमध्ये उतरलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, पाण्याला अडला आणि ट्रॅक्टरचा सगळा जोर रॉडवर आला. नोझल, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढून आत पाहिलं असतं तर पाच मिनिटांत पाणी दिसलं असतं.

बंद इंजिनं बहुतेक अशीच जातात. नुसतं उभं राहून त्यांचं जेवढं बिघडत नाही, तेवढं चालू करायच्या पहिल्या अर्ध्या तासात बिघडतं. म्हणून या लेखात इंजिन चालू करण्याचा भाग छोटा आहे आणि त्याआधीचा भाग मोठा.

कोणतं इंजिन, आणि मेहनत कशासाठी

आमचं इंजिन सासवडजवळ आहे, दिवे घाट चढून पुढे. एक सिलेंडर, पाच अश्वशक्ती, पाण्यानं थंड होणारं, खडकीत बनलेलं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली खडकीत उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी विहिरींवरची मोट जाऊन तिथे इंजिन आलं. मग लाइट आली, मोटर बसली आणि इंजिन कोपऱ्यात गेलं. आता रात्रपाळीच्या लाइटला कंटाळून लोक परत त्या कोपऱ्याकडे बघायला लागलेत. मिठ्या बहाराच्या अंजिराला थंडीत आणि पुढे उन्हाळ्यातही वेळेवर पाणी लागतं. रात्री दोन वाजता बिबट्याच्या भीतीनं बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाण्यापेक्षा सकाळी सातला हँडल मारणं तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, बरं वाटतं.

या जातीच्या इंजिनात ८० मिलिमीटरचा बोअर, ११० मिलिमीटरचा स्ट्रोक आणि मिनिटाला १५०० फेरे असतात. मोठी जमेची बाजू म्हणजे लायनर (सिलेंडरची आतली नळी), पिस्टन, रिंगा, गॅस्केट, नोझल सगळं आजही मिळतं. तुमचं इंजिन दुसऱ्या कंपनीचं असेल तरी कामाचा क्रम हाच ठेवा. टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट), हेडच्या, म्हणजे सिलेंडरवरच्या झाकणाच्या, नटांचा ताण असे आकडे मात्र इंजिनाच्या प्लेटवरून किंवा पुस्तिकेतूनच घ्या. शेजाऱ्याच्या इंजिनाचे आकडे आपल्याला लावू नका.

हे काम दसऱ्यानंतर सुरू करा आणि होळीच्या आत संपवा. पावसाळ्यात उघडलेल्या लायनरवर एका रात्रीत लाल थर चढतो. मला पाच शनिवार-रविवार लागले, आणि त्यातला मोठा वेळ थांबण्यात गेला.

इंजिनाची खोली

खोलीत शिरताना आधी काठी आपटा. फ्लायव्हीलच्या खालचा खड्डा ही सापाची आवडती जागा. छतात गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर आधी त्याची व्यवस्था करा. कुंभारीण माशी चावत नाही फारशी, पण इंजिनाचं नुकसान तीच जास्त करते. एअर क्लीनरचं तोंड, ब्रीदरची नळी, टाकीच्या झाकणाचं बारीक भोक, जिथे भोक दिसेल तिथे ती मातीचं घर बांधते. आमच्या ब्रीदरमधून तिची तीन घरं निघाली. ब्रीदर बुजला की आतला दाब बाहेर पडायला वाट उरत नाही आणि चालू इंजिन प्रत्येक सीलमधून ऑइल ओकायला लागतं. लोक सील बदलत बसतात.

दार आणि खिडकी उघडी राहतील अशी सोय करा. धूर खोलीत कोंडला तर तो जीव घेतो, आणि आधी कळतही नाही.

काहीही सोडायच्या आधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. गव्हर्नरची (इंजिनाचा वेग ताब्यात ठेवणाऱ्या भागाची) स्प्रिंग कोणत्या भोकात होती हे तीन आठवड्यांनी कुणाला आठवत नाही. नट-बोल्ट लोणच्याच्या जुन्या बरण्यांत वेगवेगळे ठेवा आणि चिठ्ठी चिकटवा.

सामान फार लागत नाही. रिंग पान्यांचा सेट, फिलर गेज, लाकडी हातोडा, बारीक पॉलिश पेपर, नवीन गॅस्केट सेट, डिझेल फिल्टर, २०डब्ल्यू-४० ऑइल, भरपूर सुती फडकी. पॉलिश पेपर, ग्लँडची डोरी (पंपाच्या शाफ्टभोवती पाणी अडवणारी), तांब्याचे वॉशर हे मी रविवार पेठेत बोहरी आळीतून आणलं. मोठा रिंग पाना नवा घ्यायचा नसेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. जुना घडीव पाना हलक्या नव्या पान्यापेक्षा कधीही चांगला.

फिरवण्याआधी उघडून बघा

या टप्प्याला हँडल दुसऱ्या खोलीत ठेवून या. गंमत म्हणून सांगत नाही. हाताशी असलं की कुणीतरी फिरवून बघतंच.

सुरुवात ऑइलपासून. चेंबरचा ड्रेन बोल्ट एकदम काढू नका, अर्धा-पाऊण आटाच सैल करा आणि खाली पांढरा डबा धरा. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून आत पाणी असेल तर आधी तेच ठिबकतं. थेंब-दोन थेंब निघाले तर हवेतल्या दमटपणाचे समजा. पेलाभर निघालं तर ते वरून आलंय: सायलेन्सरमधून, नाहीतर फाटलेल्या हेड गॅस्केटमधून, नाहीतर लायनरच्या खालच्या रबरी रिंगांमधून. कुठून आलं ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. ऑइल ताकासारखं पांढुरकं असेल तर तेच, पाणी मिसळलंय. ऑइल निथळल्यावर डब्याच्या तळाशी बोट फिरवा. चकाकणारी धातूची भुकटी हाताला लागली तर बेअरिंग बघावं लागेल.

मग नोझल काढा. आधी प्रेशर पाइपचे दोन्ही नट सोडा आणि पाइपची तोंडं लगेच स्वच्छ प्लास्टिकनं बांधा. नोझल बसल्या जागी धरून ठेवत असेल तर हातोडी मारू नका. भोवती गंज सोडवणारं तेल घाला, रात्रभर ठेवा, सकाळी डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवा. खालचा तांब्याचा वॉशर बहुधा आतच चिकटून राहतो. तो वाकवलेल्या तारेनं काढा, नाहीतर नवीन वॉशर त्याच्यावर बसतो, नोझल उंच राहतं आणि कॉम्प्रेशन गळतं.

नोझलच्या भोकातून बॅटरी मारून आत बघा. पाणी दिसलं तर बारीक नळीनं ओढून घ्या. कोरडं असेल तर डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून अर्धा कप आत सोडा. ते रिंगांभोवती झिरपू द्या. निदान दोन दिवस.

अडकलंय नेमकं काय

दोन दिवसांनी नोझल बाहेरच ठेवून फ्लायव्हील हातानं हलवून बघा. हललं तर उत्तम, पुढच्या भागावर उडी मारा. हललं नाही, तर पिस्टनवर लगेच संशय घेऊ नका. पाण्याचा पंप आधी इंजिनापासून सुटा करा. आमच्याकडे असंच निघालं. पिस्टन जाम झाला या समजुतीनं मी हेड खोलायला घेतलं होतं. मिस्त्री आले, त्यांनी कपलिंगचे बोल्ट काढले, तळहातानं फ्लायव्हील ढकललं आणि ते बोटभर हललं. "दादा, पंप अडकलाय. इंजिन नंतर बघू," एवढंच म्हणाले. पंपाच्या इम्पेलरला गाळ आणि गंजानं पकडलं होतं. त्या बोटभर हलण्यापलीकडे मात्र फ्लायव्हील जाईना, म्हणजे पिस्टनही वर गंजाला अडत होता. पण एका अडचणीच्या दोन झाल्या आणि दोन्ही छोट्या झाल्या.

पिस्टन सोडवणं

इथे धीर लागतो. लायनर आणि रिंगा बिडाच्या, पिस्टन ॲल्युमिनियमचा. गंज धरतो तो रिंगा आणि लायनर यांच्यामध्ये. तो आधी भिजवून मऊ करायचा असतो. जोर लावून तोडला तर त्याच्यासोबत रिंग तुटते आणि लायनरवर उभे ओरखडे उठतात.

हेड काढा. हेडचे नट आडवे-तिरके, थोडे थोडे करून सैल करा. आता पिस्टनचा माथा आणि त्याच्या वरचा उघडा लायनर समोर दिसेल. पिस्टन अगदी वर नसेल तर या उघड्या भागावरचा गंज आधी साफ करणं फार महत्त्वाचं आहे आणि नेमकं हेच लोक विसरतात. पिस्टन खालून मोकळा झाला तरी वरच्या गंजाच्या कडेला रिंग अडते. ४०० नंबरचा पॉलिश पेपर डिझेलमध्ये भिजवा आणि लायनर बोटांनी गोल गोल घासा, सगळीकडे सारखा. निघालेली भुकटी फडक्यानं पुसून घ्या, ती रिंगांच्या फटीत जाऊ देऊ नका. फडकं बोटाला गुंडाळून गोल फिरवताना कडेला काळपट-तांबडा चिखल साठतो. फडकं पांढरं निघेपर्यंत हे करत राहायचं. मला एक पूर्ण दुपार लागली आणि जुन्या दोन बनियन संपल्या.

मग भिजवण. ॲसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल निम्मं-निम्मं, हे मिश्रण फटीत चांगलं शिरतं. ॲसिटोन रंगाच्या दुकानात मिळतं. दोन्ही एकमेकांत नीट मिसळून राहत नाहीत, ओतण्याआधी बाटली हलवा. हे भयंकर ज्वालाग्राही असतं. खोलीत विडी-काडी नको, आणि नंतर त्याच जागी गॅसची ज्योत तर नकोच. ॲसिटोन नको असेल तर डिझेल आणि इंजिन ऑइलही चालतं, वेळ दुप्पट धरा. पिस्टनच्या माथ्यावर बोटभर उंचीचं तळं करा आणि वरून डबा झाका. रोज पातळी बघा. खाली उतरत असेल तर समाधान माना, तेल वाट काढतंय.

चौथ्या-पाचव्या दिवशी बाभळीचा ठोकळा पिस्टनच्या माथ्यावर मावेल असा तासून ठेवा आणि लाकडी हातोडीनं टक-टक करा. पिस्टन खाली ढकलण्यासाठी हे ठोके नसतात, तेवढ्या हादऱ्यानं गंजाचे कण सुटतात आणि तेल आणखी आत जातं. लोखंडी घण घेतलात तर ॲल्युमिनियमचा माथा जाईल. नंतर फ्लायव्हीलला लांब लाकडी दांडा लावून जोर द्या. आधी उलटा, मग सुलटा. पहिल्या दिवशी मिलिमीटरभर हललं तरी पुष्कळ. तेवढंच पुढे-मागे करत राहा, तेल घाला, उद्या पुन्हा.

पिस्टन अगदी वरच्या टोकाला किंवा अगदी तळाला अडकला असेल तर वरून ठोकून उपयोग नाही. त्या जागी रॉड आणि क्रँक एका रेषेत येतात, ठोका सरळ बेअरिंगवर जातो आणि चाक फिरत नाही. तिथे फ्लायव्हीलकडूनच हलवावं लागतं.

पिस्टन मोकळा झाला की तो बाहेर काढा, असं माझं ठाम मत आहे. बरेच जण हेड परत बसवून लगेच हँडल मारतात. पण चौदा वर्षं खाचेत चिकटलेल्या रिंगा तेवढ्यानं मोकळ्या होत नाहीत. बाजूचं झाकण उघडून रॉडचे बोल्ट सोडले की पिस्टन वरून निघतो. त्याआधी लायनरच्या वरच्या टोकाला कडा उठलेली असेल तर ती घासून घ्या. प्रत्येक रिंग खाचेत बोटानं फिरली पाहिजे. खाचेतला कार्बन तुटक्या रिंगेच्या टोकानं खरवडा. लायनरवर नखाला अडेल एवढा खड्डा किंवा ओरखडा असेल तर पॉलिश पेपरनं भागणार नाही, लायनर-पिस्टन-रिंगा असा सेटच घाला. बेअरिंगचे अर्धगोल बाहेर आहेतच तर त्यांच्यावरून बोट फिरवा.

डिझेलची बाजू

टाकीतलं जुनं डिझेल सगळं काढा. चौदा वर्षांचं डिझेल व्हार्निशसारखं चिकट झालेलं असतं आणि तळाशी पाणी. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, त्यांचा काळा, शेवाळासारखा लगदा कॉकमध्ये आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो. टाकी उतरवा, मूठभर स्वच्छ खडी आणि लिटरभर डिझेल घालून हलवा, ओता, पुन्हा करा. पाण्यानं धुऊ नका. फिल्टर नवाच. त्याची वाटीही पुसून घ्या. रबरी नळी वाकवल्यावर भेगा दिसल्या तर बदला. भेगेतून डिझेल गळेलच असं नाही, पण हवा ओढली जाते.

आता डिझेलचा पंप, म्हणजे नोझलला दाबानं डिझेल पाठवणारा. या भागावर सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण चुकलात तर इंजिन हाताबाहेर जाईल.

डिझेल इंजिनाचा वेग ठरतो तो पंपाच्या रॅकवर. रॅक म्हणजे दात असलेली एक छोटी दांडी, ती सरकली की डिझेल कमी-जास्त होतं. इंजिन बंद करताना आपण स्टॉप लिव्हर ओढतो, पण सोडल्यावर गव्हर्नरची स्प्रिंग रॅकला पुन्हा पूर्ण डिझेलच्या बाजूला ढकलते. म्हणजे बंद इंजिनाचा रॅक चौदा वर्षं पूर्ण उघडा उभा असतो, आणि जुन्या डिझेलचा डिंक त्याला तिथेच चिकटवतो. असं इंजिन चालू झालं तर गव्हर्नर ओढत राहतो, रॅक हलत नाही, आणि फेरे १५०० वर थांबत नाहीत. फ्लायव्हील फुटेपर्यंत वेग चढू शकतो.

म्हणून रॅक बोटानं सरकवून बघा. दोन्ही टोकांपर्यंत तो बोटाच्या हलक्या धक्क्यानं जायला हवा आणि सोडल्यावर कुठेही अडखळायला नको. अडत असेल तर पकड लावू नका, त्याचे दात मोडतील. पंप काढून ताज्या डिझेलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा, मधूनमधून हलवा. पंप काढताना त्याच्या खाली पातळ पत्र्याच्या शिम असतात, त्या मोजा आणि जशाच्या तशा परत घाला. डिझेल नेमक्या कोणत्या क्षणी फवारलं जातं ते या शिमवर ठरतं. एक शिम हरवली तरी इंजिन ठोकायला लागतं, नाहीतर चालूच होत नाही.

पंपाचं एलिमेंट स्वतः उघडू नका, असं मी आग्रहानं सांगेन. प्लंजर आणि त्याचं घर यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो. फडक्याचा एक धागा तिथे पुरेसा आहे. रॅक मोकळा होत नसेल, किंवा दाब बनत नसेल, तर पंप आणि नोझल दोन्ही पंप-नोझलच्या कारागिराकडे न्या. नोझल तर न्याच. या इंजिनांचं नोझल साधारण २०० किलोच्या दाबाला उघडतं. मशिनवर लावल्यावर ते धुक्यासारखं फवारलं पाहिजे, टोकाला थेंब लोंबता कामा नये आणि दांडा हलवताना 'किर्र' असा आवाज यायला हवा. तो आवाज लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

घरी नोझल पाइपला जोडून फवारा बघायची हौस अनेकांना असते. बघायचाच असेल तर फवाऱ्यासमोर हात कधीही आणू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आतून बोट सडतं. असं झालंच तर त्याच तासाला दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

पाणी, व्हॉल्व्ह, हेड

आपल्याकडच्या विहिरींचं पाणी क्षाराचं. जॅकेटमध्ये, म्हणजे सिलेंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, पांढरा खडा जमतो आणि पाणी वाहत असलं तरी इंजिन तापतं. हेड निघालेलंच आहे तर पाण्याच्या वाटा तारेनं खरवडा. उरलेल्या क्षारासाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, लिटरला ५० ग्रॅम, कोमट पाण्यात घालून जॅकेटमध्ये दीड-दोन तास ठेवा. फेस येतो, मग थांबतो. ओतून टाका, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, पुन्हा साध्या पाण्यानं. रात्रभर ठेवू नका, ते बीडही खातं.

व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेले असतील तर तेल घालून फिरवत मोकळे करा आणि पेस्ट लावून बसण्याच्या जागी घासून (लॅप करून) घ्या. पुशरॉड काचेवर लोळवून सरळ आहेत का बघा. हेड बसवताना गॅस्केट नवीन, नट तिरक्या क्रमानं तीन फेऱ्यांत, शेवटची फेरी टॉर्क पान्यानं. टॅपेट इंजिन थंड असताना पुस्तिकेतल्या आकड्याला लावा. डिकम्प्रेशन लिव्हर (व्हॉल्व्ह उघडा धरून सिलेंडरमधला दाब मोकळा सोडणारा) व्हॉल्व्ह नीट उचलतो का ते याच वेळी तपासा.

कोरडं फिरवणं

नवीन ऑइल कांडीवरच्या वरच्या खुणेपर्यंत भरा. ऑइल बाथ एअर क्लीनर असेल तर त्याच्या वाटीतही खुणेपर्यंतच. जास्त भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून घेतं आणि त्यावरच धावायला लागतं. रॉकरवर, पुशरॉडच्या टोकांवर हातानं ऑइल सोडा.

आता हँडल आणा. डिकम्प्रेशन उचललेलं, टाकीचा कॉक बंद. सावकाश शंभर-एक फेरे द्या, दमलात की थांबा. ऑइल गेज असेल तर त्याचा काटा थरथरायला हवा. गेज नसेल तर रॉकरपर्यंत किंवा बाजूच्या झाकणातून ऑइल पोचतंय का ते बघा. पोचत नसेल तर चालू करू नका, ऑइल पंप आणि त्याची जाळी साफ करा. कोरड्या बेअरिंगवर दोन मिनिटं इंजिन चाललं तरी इतक्या आठवड्यांची मेहनत जाते.

हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच. मुठीसारखा विळखा घालू नका. इंजिननं उलटा झटका दिला तर हँडल नुसतं बोटांतून सुटेल. विळखा घातलेला असेल तर मनगट मोडतं. हे आमच्या गावात दोघांचं झालेलं मी पाहिलंय.

हवा काढणं आणि पहिला ठोका

कॉक उघडा. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की आवळा. मग पंपावरचा. मग नोझलकडचा प्रेशर पाइपचा नट सैल ठेवून हँडल फिरवा, तिथून डिझेलचे ठोके बाहेर यायला लागले की आवळा. आता डिकम्प्रेशन उचलून परत सावकाश फिरवा आणि कान नोझलकडे ठेवा. प्रत्येक दोन फेऱ्यांना एकदा तो 'किर्र' आवाज आला पाहिजे. येत नसेल तर अजून हवा आहे, पुन्हा पहिल्यापासून. आला तर इंजिन चालू होण्याची मोठी अट पूर्ण झाली.

चालू करण्याआधी एअर क्लीनर काढून ठेवा आणि हवेच्या तोंडावर बसेल अशी जाड लाकडी फळी एका माणसाच्या हातात द्या. त्याला नीट समजावून सांगा: इंजिन वेडंवाकडं पळायला लागलं तर फळी तोंडावर दाबून धरायची. हात नाही, फडकं नाही, फळी. डिझेल कॉक बंद करून अशा वेळी भागत नाही, पाइपातलं डिझेल उरतं, आणि इंजिन स्वतःच्या ऑइलवर धावत असेल तर डिझेलचा संबंधच नसतो. हवा तोडणं एवढाच खात्रीचा उपाय. फ्लायव्हीलच्या रेषेत कुणी उभं राहू नये, विशेषतः गंमत बघायला आलेली मुलं.

जॅकेटमधून पाणी वाहतंय ना ते बघा. आमच्यासारखं पंपाच्याच पाण्यावर इंजिन थंड होत असेल तर पहिल्या दिवशी वरून पिंपातलं पाणी नळीनं सोडा.

डिकम्प्रेशन उचला, दोघांनी मिळून वेग द्या, लिव्हर सोडा. आमचं तिसऱ्या वेळेला बोललं. आधी एक ठोका, मग मोकळा श्वास, मग दोन ठोके. पांढऱ्या धुराचा लोट छपराला टेकला आणि मग तो ओळखीचा टुक-टुक-टुक आवाज लागला. तात्या खोलीबाहेर बांधावर बसले होते. तिथूनच ओरडले, "गव्हर्नर ऐकतोय बघ!" फेरे चढून आपोआप खाली येऊन स्थिर झाले होते. त्यांनी ते कानानं ओळखलं.

अर्ध्या मिनिटात ऑइलचा दाब दिसला नाही तर बंद करा. दिसला तर बिनभाराचं वीस मिनिटं चालू द्या, मग बंद करून एअर क्लीनर बसवून घ्या. धुळीच्या शेतात त्याशिवाय चालवू नका.

धूर काय सांगतो

पहिली पाच-दहा मिनिटं पांढरा धूर चालतो, थंड सिलेंडरमध्ये डिझेल पूर्ण जळत नाही. इंजिन तापल्यावरही तो राहिला आणि डोळ्यांना झोंबत असेल तर नोझल किंवा टायमिंग बघा. वाफेसारखा असेल, झोंबत नसेल आणि जॅकेटमध्ये बुडबुडे येत असतील तर पाणी आत जातंय. निळा धूर ऑइलचा. भिजवायला घातलेलं तेल जळून जाईपर्यंत थोडा येईल, पाच-सहा तास चालल्यावरही राहिला तर रिंगा. काळा धूर भार पडल्यावर येतो. बिनभाराचा काळा धूर आला तर एअर क्लीनर किंवा सायलेन्सर तुंबलाय, कुंभारिणीचं एखादं घर राहून गेलं असेल.

पहिल्या दिवसानंतर इंजिन थंड झालं की हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासा. पहिले दहा तास झाले की ऑइल बदला, कितीही स्वच्छ दिसत असलं तरी.

पाण्याच्या पंपाचं थोडक्यात. इम्पेलर साफ करून हातानं मोकळा फिरायला हवा, ग्लँडला नवी डोरी भरा आणि इतकीच आवळा की चालताना थेंब थेंब पाणी पडत राहील. कोरडी ग्लँड शाफ्ट खाते. फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाचा, पाणी परत जाऊ न देणारा) विहिरीतून वर काढून त्याची चामडी किंवा रबर बदला. ही गोष्ट टाळली आणि रोज पंपात पाणी भरत बसलात तर महिनाभरात इंजिन पुन्हा कोपऱ्यात जाईल.

कधी सोडून द्यावं? ब्लॉकला चीर असेल, किंवा क्रँकवर बेअरिंगची जागा खरवडली असेल आणि आधीच शेवटच्या मापापर्यंत घासलेली असेल, तर त्या इंजिनाचे बाकीचे भाग दुसऱ्यासाठी ठेवा. आमच्या पहिल्या इंजिनाचं हेड आज दुसऱ्यावर बसलंय.

सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं बंद असलेल्या जनरेटरलाही हाच क्रम लागू आहे. तिथे सेल्फ असतो म्हणून घाई जास्त होते. नोझल काढून हातानं दोन पूर्ण फेरे फिरल्याशिवाय बॅटरी जोडू नका, आणि सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका.

पाणी द्यायचे दिवस संपले की इंजिन बंद ठेवण्याचीही पद्धत असते. शेवटच्या दिवशी गरम असतानाच ऑइल बदला, जॅकेटचं पाणी काढा, टाकी गच्च भरून ठेवा म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. फ्लायव्हील कॉम्प्रेशनच्या जागी थांबवा, तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं चालवा. जमलं नाही तर निदान हँडलनं चार फेरे द्या आणि रॅक बोटानं सरकवा. आणि सायलेन्सरच्या पाइपवर रिकामा डबा उपडा घालून तारेनं बांधा. वाऱ्यानं उडून जाणार नाही असा.